माकीवारा आणि पंचिंग बॅग

"सर, घरी बॅग टांगलीय, मग माकीवारा कशाला?" कराटेच्या क्लासला हा प्रश्न हमखास येतो. ठोसे दोन्हींवर मारायचे, हे खरं. पण ठोसा लागल्यावर दोन्ही वस्तू अगदी वेगळ्या वागतात.

माकीवारा जपानमधल्या ओकिनावा बेटाचा. जमिनीत पक्की पुरलेली लाकडी फळी, बुडाशी जाड, वर निमुळती. छातीच्या उंचीवर भाताच्या पेंढ्याचा दोर गुंडाळलेला. तिथल्या जुन्या पूरक व्यायामांना होजो उंदो म्हणतात. दगडाला दांडा बसवलेली चीइशी, तोंडाशी बोटांनी धरून उचलायचे निगिरी-गामे हे घडे, सगळं त्यातलंच. ठोशाने फळी मागे वाकते आणि जितकी वाकेल तितकी जास्त उलट ढकलते. म्हणजे खरा जोर ठोशाच्या शेवटाला लागतो. मनगट जरासं वाकडं असलं किंवा मागची टाच उचललेली असली, की तो धक्का अंगावर परत येतो. चूक तिथल्या तिथे कळते, कुणी सांगावी लागत नाही.

बॅग सुरुवातीलाच अडते, मग मागे सरकते आणि झोका घेऊन परत येते. त्यामुळे पाय हलवावे लागतात, अंतर जोखावं लागतं. लागोपाठचे ठोसे, लाथा आणि दम यांसाठी बॅगच हवी. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कुमितेची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याशी समोरासमोरची, लढत 3 मिनिटांची होती. एवढा वेळ पाय हलते ठेवणं फळीसमोर उभं राहून जमणार नाही. मात्र वार आवरायला दोन्ही शिकवत नाहीत. त्याच स्पर्धेत 75 किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदीचा तारेग हामेदी पुढे होता, पण लाथ जोरात बसली म्हणून तो बाद झाला आणि सुवर्णपदक इराणच्या सज्जाद गंजजादेला मिळालं. तो आवर जोडीदारासोबतच येतो.

माकीवारा बोटांची हाडं टणक करायला असतो, हा समज मला फार घातक वाटतो. कातडी सोलेपर्यंत मारणारी मुलं मी पाहिली आहेत. वाढत्या वयातल्या मुलांना मी त्यावर जोर लावूच देत नाही. मोठ्यांनीही आधी प्रत्येक हाताने दहा-वीस हलके ठोसे मारावेत, मग बॅगकडे जावं.

आणि भिंतीला ठोकलेली गादी म्हणजे माकीवारा नव्हे. भिंत वाकत नाही, सगळा मार सांध्यांना बसतो. विकत घेताना वरचं टोक तळहाताने दाबून बघा: फळी मागे जायला हवी.