फायब्रोब्लास्टची ओढ आणि संकेत प्रथिने : पार्श्वभूमी

त्वचा, कंडरा, अस्थिबंध आणि अवयवांभोवतीची आवरणे यांतील संयोजी ऊतींमध्ये फायब्रोब्लास्ट नावाच्या लांबट पेशी असतात. कोलॅजन, म्हणजे ऊतींना बळकटी देणारे तंतुमय प्रथिन, तयार करणाऱ्या पेशी अशीच त्यांची ओळख बहुधा करून दिली जाते. मात्र या पेशी जागा बदलतात आणि सभोवतालच्या कोलॅजनला जोराने ओढतात, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. मोठी उघडी जखम आकसत जाते, त्यात या ओढीचा मोठा वाटा असतो. ओढ केव्हा सुरू व्हावी, किती असावी आणि पेशीने कोणत्या दिशेला सरकावे, हे बऱ्याच अंशी संकेत प्रथिने, म्हणजे पेशीला आणि पेशीच्या आत निरोप पोहोचवणारी प्रथिने, ठरवतात. तथापि संकेतांचा अभ्यास करणारे आणि बलाचा अभ्यास करणारे संशोधक अनेक वर्षे वेगवेगळ्या वाटांनी चालले होते.

पेशी कशी सरकते याचे काटेकोर निरीक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये मायकेल ॲबरक्रॉम्बी आणि जोन हेसमन यांनी केले. कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातील फायब्रोब्लास्ट काचेवर वाढवून त्यांनी 1953 आणि 1954 मध्ये दाखवले, की दोन पेशी एकमेकींना भिडल्या की त्यांची त्या दिशेची वाटचाल थांबते. पुढे 1970 च्या सुमारास त्यांच्या गटाने पेशीच्या पुढच्या कडेला असणारा पातळ पापुद्रा आणि पृष्ठभागाला घट्ट चिकटणाऱ्या जागा यांचे वर्णन केले. त्याच सुमारास, 1971 मध्ये, ज्युलिओ गॅबियानी, ग्रॅम रायन आणि गुइडो मायनो यांना भरत आलेल्या जखमेतील फायब्रोब्लास्टमध्ये स्नायुपेशींसारख्या तंतूंचे जुडगे आढळले. अशा पेशींना पुढे मायोफायब्रोब्लास्ट हे नाव मिळाले.

प्रत्यक्ष ओढ डोळ्यांना दिसली ती 1980 मध्ये, आणि या साऱ्या इतिहासात मला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील ॲल्बर्ट हॅरिस, पॅट्रिशिया वाइल्ड आणि डेव्हिड स्टोपॅक यांनी दाट सिलिकोन द्रवाच्या पृष्ठभागाला क्षणभर ज्योतीची धग दिली. त्यामुळे वर रबराची अतिशय पातळ साय धरली आणि खाली द्रव तसाच राहिला. या सायीवर फायब्रोब्लास्ट सोडताच पेशीखालचा भाग आक्रसून त्यावर सुरकुत्या पडल्या, तर पेशीबाहेरच्या भागात ताणाच्या लांब रेषा उमटल्या. नुसते सरकण्यासाठी लागेल त्यापेक्षा ही ओढ पुष्कळच अधिक होती. एवढे बल पेशीला कशासाठी लागते, याचे उत्तर त्याच तिघांनी 1981 मध्ये मांडले : फायब्रोब्लास्ट या बलाने कोलॅजनचे तंतू ओढून त्यांची रचना घडवतात. म्हणजे कंडरा किंवा आवरण यांतील तंतूंची मांडणी घडवण्यात पेशींच्या खेचण्याचा हात असतो. कोणती प्रथिने ही ओढ चालू किंवा बंद करतात, हे मात्र या प्रयोगातून कळणे शक्य नव्हते.

संकेतांची बाजू दरम्यान रक्ताच्या अभ्यासातून उलगडत होती. रक्तबिंबिकांमधून (प्लेटलेटमधून) बाहेर पडणारा एक घटक पेशींची वाढ घडवतो, हे 1974 मध्ये दिसले. त्यालाच पुढे पीडीजीएफ हे नाव मिळाले. तो फायब्रोब्लास्टना आपल्याकडे खेचूनही घेतो, हे 1980 च्या दशकात स्पष्ट झाले. टीजीएफ-बीटा हे दुसरे प्रथिन त्याच दशकाच्या सुरुवातीला शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले, आणि 1993 मध्ये असे दाखवले गेले की त्याच्या प्रभावाखाली साध्या फायब्रोब्लास्टमध्ये स्नायूंसारखे ॲक्टिन (पेशीतील तंतू बनवणारे प्रथिन) तयार होऊन तिचे मायोफायब्रोब्लास्टमध्ये रूपांतर होते.

बाहेरचा संकेत आणि आतली ओढ यांना जोडणारा दुवा 1992 मध्ये लंडनमध्ये ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांना सापडला. रो हे छोटे प्रथिन 1985 पासून माहीत होते, पण त्याचे काम ठाऊक नव्हते. या दोघांनी उंदराच्या, सीरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारा द्रव) काढून घेऊन शांत केलेल्या फायब्रोब्लास्टमध्ये बारीक सुईने सक्रिय रो टोचले. अर्ध्या तासाच्या आत पेशीभर ॲक्टिनचे जाड ताणतंतू आणि त्यांच्या टोकांना चिकटण्याच्या जागा तयार झाल्या. रोला निष्प्रभ करणारे जिवाणूचे विष दिले असता सीरमलाही हा परिणाम घडवता आला नाही. रोचे भावंड असलेले रॅक पेशीच्या कडेला पापुद्रे उभारते, आणि पीडीजीएफ याच रॅकमार्फत काम करते, हेही त्याच वर्षी समोर आले. सीडीसी42 हे तिसरे प्रथिन बोटांसारखे बारीक फाटे काढते, असे 1995 मध्ये दिसले.

रो ओढ कशी निर्माण करते, याची यंत्रणा 1996 मध्ये उकलली. रो-कायनेज हे एन्झाइम मायोसिन या ॲक्टिनला खेचणाऱ्या प्रथिनाला शिथिल करणाऱ्या एन्झाइमला आवर घालते. त्यामुळे मायोसिन कार्यरत राहते आणि ॲक्टिनचे तंतू खेचत राहते. चिकटण्याच्या जागा उभ्या राहतात त्याही या खेचण्यामुळेच, असे कीथ बरिज यांच्या प्रयोगशाळेने त्याच वर्षी दाखवले. बल हा संकेताचा निव्वळ परिणाम आहे, ही समजूत येथून ढासळू लागली.

त्यानंतरच्या कामात बलाकडून संकेताकडे जाणारी ही उलटी दिशा अधिकच ठळक झाली. पेल्हॅम आणि वांग यांनी 1997 मध्ये मऊ व कडक जेलवर पेशी वाढवून त्यांच्या चिकटण्यात आणि हालचालीत फरक दाखवला; 2000 मध्ये फायब्रोब्लास्ट मऊ भागाकडून कडक भागाकडे सरकतात, हे नोंदवले गेले. पुढे 2007 मध्ये बोरिस हिंझ यांच्या गटाने दाखवले, की टीजीएफ-बीटा ऊतीत बंदिस्त रूपात साठवलेले असते आणि मायोफायब्रोब्लास्टची ओढ ते मोकळे करू शकते; अट एवढीच, की भोवतालचा पदार्थ पुरेसा कडक हवा. ओढीमुळे संकेत सुटतो, संकेतामुळे ओढणाऱ्या पेशी वाढतात, त्या आणखी कोलॅजन घालतात आणि ऊती अधिक कडक होते. मूळ इजा निवळल्यानंतरही फायब्रोसिस, म्हणजे ऊतीत कोलॅजन साचून ती कडक होणे, का वाढत राहते, याचे एक समाधानकारक स्पष्टीकरण या चक्रात मिळते. याप आणि टॅझ ही प्रथिने हा कडकपणा केंद्रकापर्यंत पोहोचवतात, हे 2011 मध्ये सिद्ध झाले.

फुफ्फुसाच्या एका गंभीर फायब्रोसिससाठी अमेरिकेत 2014 मध्ये पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब या औषधांना मान्यता मिळाली. त्यांपैकी निंटेडॅनिब पीडीजीएफचा संकेत झेलणाऱ्या पेशीवरील ग्राहीसह काही ग्राहींना अडवते. दोन्ही औषधांनी फुफ्फुसाच्या क्षमतेची घसरण मंदावते. एकदा आलेला कडकपणा मात्र त्यांनी ओसरत नाही, आणि म्हणूनच आता संकेतांबरोबर ओढीवरही उपाय शोधले जात आहेत.