सॅम्प्लर, हार्डवेअर : मर्यादांतील संगीतरचना

ध्वनीचा छोटा तुकडा अंकीय रूपात साठवून तो कळ किंवा पॅड दाबताच हव्या त्या सुरात वाजवणाऱ्या स्वतंत्र यंत्राला हार्डवेअर सॅम्प्लर म्हणतात. तोकडी मेमरी, कमी नमुनादर (सेकंदाला ध्वनीची किती मोजमापे, म्हणजे नमुने, घेतले जातात तो दर), एका वेळी वाजणारे मोजके आवाज, दोन ओळींचा पडदा अशा या यंत्राच्या उणिवा दूर करण्याच्या भरीस न पडता त्यांनाच रचनेचे माप मानण्याची रीत, हा या नोंदीचा विषय आहे. हिप-हॉप, जंगल, हाउस आणि लो-फाय या संगीतप्रकारांत ती विशेष रुजली. तिला एकमान्य नाव नाही. वापरणारे ‘क्रंच’, ‘ग्रिट’, ‘बारा बिटांचा आवाज’ अशा परिणामवाचक शब्दांतच तिच्याविषयी बोलतात (बिट म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने नोंदला जातो त्याचे माप). सॅम्प्लिंगची सर्वसाधारण कृती येथे गृहीत धरली आहे.

या रीतीचा आरंभ कधीचा मानावा याबद्दल मतभेद आहेत. काही लेखक तो १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे आधीच्यांहून स्वस्त सॅम्प्लर बाजारात येण्याच्या काळापर्यंत मागे नेतात. परंतु त्या वेळी कमी मेमरी हा कोणी पत्करलेला पर्याय नव्हता. मिळत होती तेवढीच होती. समाजशास्त्रज्ञ यॉन एल्स्टर यांनी आपोआप पथ्यावर पडणारे बंधन आणि लाभासाठी मुद्दाम ओढवून घेतलेले बंधन यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. तो मान्य केल्यास १६ बिटांची यंत्रे सहज मिळू लागल्यावरही जुनी यंत्रे हातची न सोडण्यापासून, म्हणजे ढोबळमानाने १९९० च्या दशकापासून, ही रीत सुरू झाली असे धरणे अधिक सयुक्तिक ठरते.

पूर्वपीठिका : बंधनातून तंत्र निघाल्याचे जुने उदाहरण फ्रेंच रचनाकार पिअर शेफर यांचे आहे. १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओ स्टुडिओत त्यांच्या हाताशी ध्वनिफीत नव्हती, तबकडी कोरण्याचे यंत्र होते. तबकडीवरची खाच स्वतःशीच जोडून बंद केली की सुई त्याच फेऱ्यात अडकते. मिनिटाला ७८ फेरे या गतीने असा एक फेरा सुमारे ०.७७ सेकंदाचा भरतो. म्हणजे लूपची (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याची) लांबी रचनाकाराने ठरवली नव्हती, तबकडीच्या गतीने ठरवली होती. १९६३ पासून बनू लागलेल्या मेलोट्रॉन या कळींच्या वाद्यामध्ये प्रत्येक कळीमागे ध्वनिफितीची एक पट्टी असे. ती सुमारे ८ सेकंदांत संपे आणि स्वरही तिथेच तुटे. या दोहोंना सॅम्प्लरचे पूर्वज म्हणता येईल. सॅम्प्लर म्हणणे मात्र सैल वाटते, कारण अंकीय मेमरी हीच व्याख्येची कड धरणे बरे.

पहिला अंकीय सॅम्प्लर कोणता, हाही वादाचा मुद्दा आहे. लंडनच्या ईएमएस स्टुडिओत १९६० च्या दशकाच्या अखेरीस संगणकावर झालेले प्रयोग आणि १९७० च्या दशकातील मेलोडियन हे यंत्र यांचे दावे डावलता येत नाहीत. तरी बहुतेक संदर्भग्रंथ १९७९ च्या फेअरलाइट सीएमआयपासून आरंभ करतात, कारण ‘सॅम्प्लिंग’ हा शब्द संगीतात रूढ झाला तो त्याच्यामुळे. सिडनीचे पीटर व्होगेल आणि किम रायरी यांना मुळात वाद्यांचे आवाज गणिताने घडवायचे होते. ते जमेना, तेव्हा खरा आवाज मुद्रित करून वाजवण्याची वाट त्यांनी धरली, आणि तीही काहीशा अपराधी भावनेने. पुढे ज्या तंत्राचा डंका वाजला ते निर्मात्यांच्या लेखी तडजोडच होते. या यंत्रात दर आवाजाला १६ किलोबाइट मेमरी होती. ८ बिटांचे मुद्रण १६ किलोहर्ट्‌झ दराने केल्यास जेमतेम एक सेकंद मावे.

काळाची मर्यादा : रचनेवर सर्वांत खोल ठसा उमटला तो मुद्रणकाळाचा. कॅसिओच्या एसके-१ या खेळण्यावजा कीबोर्डवर १.४ सेकंद मिळत. ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० (१९८७) या प्रमाणभूत मानल्या गेलेल्या यंत्रात एकूण सुमारे १० सेकंद मुद्रण होई, आणि कोणताही एक तुकडा सुमारे २.५ सेकंदांपेक्षा लांब घेता येत नसे. रॉजर लिन यांनी आकाईसाठी रचलेल्या एमपीसी६० (१९८८) मध्ये मूळ मेमरीवर १३.१ सेकंद मिळत. मध्यम लयीत, मिनिटाला ९० ठोक्यांना, चार ठोक्यांचे एक माप २.६७ सेकंदांचे असते. म्हणजे एसपी-१२०० वर जुन्या तबकडीवरचे एक संपूर्ण मापही एका तुकड्यात बसत नव्हते. मग ते फोडावे लागे : बास ड्रम वेगळा, स्नेअर वेगळा, पितळी वाद्यांचा अर्धा हुंकार वेगळा. फोडलेले तुकडे पॅडवर निरनिराळ्या क्रमाने वाजवता येतात हे उघडच आहे, आणि ‘चॉपिंग’ या नावाने पुढे जी कला ओळखली गेली तिचा एक उगम या अडचणीत आहे. हा एकमेव उगम नव्हे. दोन टर्नटेबलांवर तबकडीतला तालाचा भाग पुन्हा पुन्हा वाजवण्याची डीजेंची सवय त्याआधीची आहे.

वेळ वाचवण्याची सर्वपरिचित युक्ती अशी : ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून मुद्रण करायचे आणि नंतर यंत्रात सूर खाली उतरवायचा. दोन गतींचे गुणोत्तर १.३५ असल्याने १० सेकंदांत साडेतेरा सेकंदांचे संगीत मावते. मात्र १.३५ पट म्हणजे ५.२ अर्धस्वर. सूर केवळ पूर्ण अर्धस्वरांच्या पायऱ्यांनी हलत असेल, तर ५ पायऱ्या उतरवल्यावरही तुकडा मूळ तबकडीहून अर्धस्वराच्या सुमारे पाचव्या हिश्श्याने चढाच राहतो. त्या काळच्या अनेक मुद्रणांतील बास आणि वरचा तुकडा यांच्या सुरांतील किंचित बेबनावामागे हा साधा हिशेब असू शकतो. ऐकणाऱ्याला तो गोड वाटला ही गोष्ट वेगळी.

बारा बिटांचा प्रश्न : एसपी-१२०० चा खरखरीत, दाट आवाज त्याच्या १२ बिटांमुळे आहे, असे सरसकट लिहिले जाते. हे विधान तपासून घेतले पाहिजे. बिटांच्या संख्येवर आवाजाची पातळी नोंदण्याच्या पायऱ्यांची संख्या ठरते : ८ बिटांना २५६, १२ बिटांना ४,०९६, १६ बिटांना ६५,५३६. पूर्ण पातळीवर मुद्रण केल्यास गोंगाटापासूनचे अंतर अनुक्रमे सुमारे ५०, ७४ आणि ९८ डेसिबल येते. ज्या तबकडीवरून मुद्रण होत होते तिची स्वतःची कक्षा साधारण ६० ते ७० डेसिबलांची असते. तेव्हा १२ बिटांचे पात्र त्यात ओतल्या जाणाऱ्या मालापेक्षा लहान नव्हते. पातळी कमी ठेवली, किंवा विरत जाणारी घुमणी पकडली, तर पायऱ्या कानाला जाणवतात, एवढे खरे.

अधिक जबाबदार दिसतात त्या दुसऱ्या तीन गोष्टी. पहिली, २६.०४ किलोहर्ट्‌झचा नमुनादर : त्यात १३.०२ किलोहर्ट्‌झच्या वरची कंप्रता नोंदताच येत नाही. दुसरी, सूर बदलण्याची रीत. हे यंत्र वाचण्याचा दर स्थिर ठेवते आणि सूर चढवताना काही नमुने गाळते, उतरवताना तेच नमुने पुन्हा वाचते. मधली किंमत काढण्याचा खटाटोप करत नाही. त्यातून मूळ आवाजाशी सुसंवादी नसलेल्या जादा कंप्रता जन्मतात, आणि झांजेसारख्या आवाजावर धातूची झिलई चढते. तिसरी, बाहेर पडण्याची वाट. आठ वाहिन्यांपैकी पहिल्या दोहोंना एसएसएम २०४४ ही चिप असलेले बदलते फिल्टर आहेत, मधल्या चारांना ठरावीक फिल्टर, आणि शेवटच्या दोहोंना फिल्टरच नाही. एकच स्नेअर दुसऱ्या वाहिनीवरून मंद आणि आठव्यावरून कर्कश येतो, तो यामुळे. वर सांगितलेली ४५ फेऱ्यांची युक्ती केल्यावर तर तुकड्यातील उपयुक्त कंप्रता ९.६ किलोहर्ट्‌झवरच थांबते, आणि त्यापुढे जे ऐकू येते ते बहुतांशी यंत्राचे स्वतःचे असते. तुलनेसाठी आकाईचा एस९५० घ्यावा. तोही १२ बिटांचाच, पण सूर बदलताना तो दर आवाजाच्या घड्याळाची गतीच बदलतो, आणि त्याचा आवाज ओळखण्याइतका वेगळा आहे. बिट हेच कारण असते तर दोघे सारखे वाजले असते. तरीही ‘बारा बिट’ हा शब्दप्रयोग जाहिरातींत आणि बोलण्यात टिकून आहे.

तालाच्या बाबतीतही असेच गूढ रचले गेले. एमपीसीच्या ‘झोल्या’चे, म्हणजे स्विंगचे, रहस्य सांगितले जाते, वस्तुतः स्विंग म्हणजे सोळांश मात्रांच्या प्रत्येक जोडीतील दुसरी मात्रा लांबणीवर टाकणे, असा खुलासा खुद्द लिन यांनीच केला आहे. एमपीसी६० एका ठोक्याचे ९६ भाग पाडते. जोडीला ४८ भाग येतात. स्विंग ५० टक्के म्हणजे दुसरी मात्रा २४ व्या भागावर, ६६ टक्के म्हणजे ३२ व्या. मधल्या जागा मोजक्याच आहेत. डेट्रॉइटचे हिप-हॉप निर्माते जे डिला यांनी मात्रा यंत्राला न जुळवता हातानेच पुढे-मागे ठेवल्या, त्या खात्यात हा हिशेब पुरा पडत नाही. त्यांचे एमपीसी३००० आज वॉशिंग्टन येथील आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

अभ्यासकांची मते : सॅम्प्लिंग हे वाद्ये परवडत नसलेल्यांचे साधन होते, ही जुनी उपपत्ती. ट्रिशा रोझ यांनी कृष्णवर्णीयांच्या संगीतपरंपरेतील पुनरावृत्तीच्या आणि खर्जाच्या ओढीला अग्रस्थान दिले. यंत्र त्या ओढीला जुळवून घेतले गेले, उलट नव्हे. जोसेफ श्लॉस यांनी बीट रचणाऱ्यांमध्ये राहून केलेल्या अभ्यासात गरिबीची उपपत्ती नाकारून सौंदर्यदृष्टीच्या निवडीवर भर दिला. यंत्रे त्या काळी मुळीच स्वस्त नव्हती हे ध्यानात घेता श्लॉस यांच्याकडे झुकावेसे वाटते. या चर्चेत हिप-हॉपला जेवढी जागा मिळाली तेवढी इतरांना नाही. जंगलमध्ये आकाई यंत्रांच्या ‘टाइम-स्ट्रेच’ (सूर न बदलता तुकडा लांबवण्याच्या) सोयीतून निघणारा कुरकुरता, तुटक आवाज मुद्दाम वापरला गेला. ॲमिगा संगणकावरील ट्रॅकर या संगीत रचण्याच्या आज्ञावल्यांत ८ बिटांच्या चारच वाहिन्या असल्याने एकाच वाहिनीत ढोल आणि बास आळीपाळीने बसवले जात, आणि अख्खा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) एकाच मुद्रित तुकड्यात मुद्रित केला जाई.

अलीकडची यंत्रे मर्यादा विकत देतात. टीनेज इंजिनिअरिंगच्या पीओ-३३ (२०१८) या तळहातावरच्या यंत्रात एकूण ४० सेकंदांची मेमरी आहे. एलेक्ट्रॉनचा डिजिटॅक्ट (२०१७) केवळ मोनो (एकवाहिनी) तुकडे वाजवी. स्टिरिओ आला तो २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत. एसपी-१२०० चे मूळ आरेखक डेव्ह रॉसम यांच्या कंपनीने २०२१ मध्ये ते यंत्र पुन्हा बाजारात आणले, १२ बिट आणि २६.०४ किलोहर्ट्‌झसह.