घाटाचे पाणी, देशाचे पाणी

धरणाच्या आखणीत पाऊस किती पडतो याहून त्यातला ओढ्या-नाल्यांतून खाली किती येतो, हे मोलाचे. पाटबंधारे खात्यात याला ‘येवा’ म्हणतात.

आपल्याकडचा एक जुना हिशेब नागपूरचा. ब्रिटिश अभियंते अलेक्झांडर बिनी यांनी १८६९ ते १८७२ या काळात तिथल्या जेमतेम १६ चौरस किलोमीटर पाणलोटात पाऊस आणि वाहते पाणी दोन्ही मोजले. त्यावरून बसवलेली टक्केवारी पुढे विदर्भ आणि मध्य प्रदेशात वापरली गेली. १८९२मध्ये स्ट्रेंज यांनी आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागासाठी तक्ते केले. त्यांत पाणलोट चांगला, मध्यम, वाईट असे वर्ग आहेत. चांगला म्हणजे पाणी न जिरवता वाहून देणारा. शेतकरी त्याच रानाला वाईट म्हणेल!

१९२९मध्ये इंग्लिस आणि डिसोझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणच्या मोजणीवरून दोन वेगळी सूत्रे दिली, एक घाटासाठी, एक देशासाठी, म्हणजे घाटाच्या पूर्वेकडच्या पठारासाठी. सेंटिमीटरमध्ये घाटाचा वार्षिक येवा म्हणजे पावसाचा ०.८५ पट वजा ३०.५. देशावर मात्र पावसातून १७.८ वजा करायचे, उरलेल्याला पावसानेच गुणायचे आणि २५४ने भागायचे. घाटात ३०० सेंटिमीटर पडला तर सुमारे २२५ हाती येतो. देशावर ६० पडला तर जेमतेम १०, आणि ४० पडला तर साडेतीनच. पाऊस एक तृतीयांशाने घटला, येवा जवळजवळ दोन तृतीयांशांनी. सरासरीच्या ६७ टक्के पाऊस होऊनही तलाव कोरडा का, याचे उत्तर बरेचसे इथे आहे. कारण पहिला वाटा तापलेली माती घेते. अर्थात ही सूत्रे सरासरीची. एकाच दिवसात कोसळलेला पाऊस आणि महिनाभराची भुरभुर यांत ती फरक करत नाहीत.

मोऱ्या, पूल आणि सांडव्यांना वर्षाचा येवा पुरत नाही, पुराचा शिखर विसर्ग, म्हणजे एका वेळी वाहणारे जास्तीत जास्त पाणी, लागतो. त्यासाठी पश्चिम भारतात इंग्लिस यांचेच दुसरे सूत्र रुळले.

शहरात मातीचा वाटाच उरत नाही. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिनी व्यवस्था ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्माच वाहील, या गृहीतावर उभी होती. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्यानंतर हाती घेतलेल्या सुधारणेत ताशी ५० मिलिमीटर धरले गेले, आणि पडेल तेवढे सगळे वाहील असे मानले गेले.