झर्क्सिसचा कालवा खरंच होता का?

इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सम्राट झर्क्सिस ग्रीसवर चालून गेला. त्या स्वारीबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं हिरोडोटस या एका माणसामुळे. स्वारी झाली तेव्हा तो चार-पाच वर्षांचं पोर असावा. लिहायला बसला तोवर मधे काही दशकं लोटली होती. त्याचं गाव आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं हॅलिकार्नासस. तिथली राणी आर्टेमिसिया सॅलॅमिसच्या आरमारी लढाईत इराण्यांच्या बाजूने लढली होती, त्यामुळे दोन्हीकडच्या गोष्टी त्याच्या कानावर आल्या असणार. तरीही त्याला थापाड्या म्हणणारे प्राचीन काळापासूनच होते. त्याच्या सगळ्यात मोठ्या ‘थापे’वर १९९०च्या दशकात ब्रिटिश आणि ग्रीक शास्त्रज्ञांनी एकत्र काम केलं.

ती थाप म्हणजे एथॉसचा कालवा. उत्तर ग्रीसमध्ये समुद्रात घुसलेलं एथॉस नावाचं लांबट द्वीपकल्प आहे. त्याच्या टोकाचा डोंगर पाण्यातून थेट दोन हजार मीटर वर चढतो आणि तिथल्या वादळांना काही धरबंध नाही. इ.स.पू. ४९२ मध्ये सेनापती मार्डोनियसचं इराणी आरमार हे टोक ओलांडताना वादळात सापडलं; हिरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे ३०० जहाजं फुटली आणि २०,००० माणसं गेली. झर्क्सिसने वळसाच टाळायचं ठरवलं. द्वीपकल्प मुख्य भूमीला जिथे जोडलेलं आहे, तिथे जमीन जेमतेम दोन किलोमीटर रुंद आहे. तिथे दोन जहाजं शेजारी-शेजारी वल्हवत जातील एवढा कालवा खणायचा हुकूम सुटला. बुबारेस आणि आर्ताखाइस या दोन इराण्यांच्या देखरेखीखाली काम तीन वर्षं चाललं.

हिरोडोटसने खोदकामाचं वर्णन अगदी बारकाईने केलं आहे. दोरीने आखणी करून निरनिराळ्या जमातींना जमिनीचे पट्टे वाटून दिले. तळातला माणूस खणायचा, माती वरच्याच्या हातात द्यायचा, तो आणखी वरच्याला, असं करत ती काठावर यायची. बहुतेकांनी वरपासून खालपर्यंत सारखीच रुंदी ठेवली, त्यामुळे भिंती ढासळल्या आणि काम दुप्पट झालं. फिनिशियन हे दर्यावर्दी लोक मात्र हुशार. त्यांनी वर दुप्पट रुंदी घेतली आणि खाली निमुळतं करत नेलं. कारण साधं आहे: सुटी माती ठरावीक उतारापर्यंतच थांबते, त्याहून उभी कापली की घसरते. आजही खोल चर खणताना बाजूंना उतार देतात तो याचसाठी. हे ज्याने लिहिलं त्याला काम पाहिलेलं कोणीतरी भेटलं असणार, असं मला पहिल्यापासून वाटत आलं आहे.

तरी लोकांचा विश्वास बसेना. स्केप्सिसचा डिमीट्रियस हा प्राचीन ग्रीक विद्वान म्हणाला, मधे खडक आहे, तो फोडून समुद्रापर्यंत जाणं शक्यच नाही. पुढे रोमन कवी जुव्हेनलने तर या कालव्याची टर उडवली. आधुनिक काळातही काहींचा तर्क होता की दोन्ही टोकांना थोडं खणलं असेल आणि मधल्या उंचवट्यावरून जहाजं ओढून नेली असतील. जागेवर पाहून निकाल लागत नव्हता, कारण आज तिथे एक उथळ घळ तेवढी दिसते.

मग जमीन न उकरता आत पाहायचं ठरलं. मडकं घेताना आपण ते वाजवून बघतो, तसाच हा प्रकार. जमिनीवर दणका द्यायचा आणि ओळीने मांडलेल्या संवेदकांवर त्याच्या लहरी किती वेळाने परततात ते मोजायचं. न हललेल्या, दबलेल्या थरांतून लहरी वेगाने जातात. नंतर भरून आलेल्या सैल गाळात त्या मंदावतात, आणि दोन्हींच्या सीमेवरून काही लहरी परावर्तित होतात. अशा मोजण्या जोडत गेलं की गाडलेल्या खड्ड्याचा छेद कागदावर उमटतो. जोडीला जमिनीत नळ्या घालून गाळाचे नमुनेही काढले.

छेदात उतरत्या बाजूंचा, वर सुमारे ३० मीटर रुंद असा चर दिसला. मधल्या भागात त्याचा तळ आजच्या जमिनीखाली सुमारे १५ मीटरवर होता. चर या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत गेलेला होता. डिमीट्रियसचा खडक आड आला नव्हता. वापर मात्र फार दिवस झालेला दिसत नाही. मोहीम संपल्यावर कोणी निगा राखली नाही आणि चर बुजत गेला. दोन्ही मुखं गाळाने भरू नयेत म्हणून बांध घातले होते, हेही हिरोडोटसने नोंदवलं आहे.

एवढा खटाटोप करून एथॉस टाळलं, आणि पुढे मॅग्नेशियाच्या किनाऱ्यावर वादळाने झर्क्सिसची निदान ४०० जहाजं खाल्लीच. हा आकडाही हिरोडोटसचाच.

थर्मोपिलीच्या खिंडीचं उलटं झालं. गाडीवाट जाईल एवढीच अरुंद जागा, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, असं त्याने लिहिलं. आज तिथे उभं राहिलं तर समुद्र काही किलोमीटर लांब आणि मधे सपाट शेतं. मग झर्क्सिसची फौज मूठभर ग्रीकांनी या वाटेवर अडवली कशी? उत्तर स्पर्खिओस नदीत आहे. तिने अडीच हजार वर्षं गाळ आणून आखात बुजवलं, आणि तिथल्या गरम झऱ्यांनीही चुन्याचे थर चढवले. खिंडीतल्या टेकडीवर १९३९ मध्ये स्पिरिडॉन मारिनातोस यांना आशियाई धाटणीची बाणाग्रं मोठ्या संख्येने सापडली.

आकाशाने मात्र हिरोडोटसला एकदा उघडं पाडलं. झर्क्सिस वसंतात आजच्या तुर्कस्तानातल्या सार्डिसहून स्वारीवर निघाला तेव्हा निरभ्र आकाशात सूर्य दिसेनासा झाला, असं तो सांगतो. गणित म्हणतं, त्या वसंतात तिथे असं ग्रहण नव्हतंच. इ.स.पू. ४७८च्या फेब्रुवारीत एक कंकणाकृती ग्रहण झालं होतं. लोकांच्या आठवणीत तेच दोन वर्षं मागे सरकलं असावं. दुसरं ग्रहण चोख जुळतं. सॅलॅमिसनंतर स्पार्टाचा क्लिओम्ब्रोटस कॉरिंथच्या संयोगभूमीवर यज्ञ करत असताना सूर्य काळवंडला, म्हणून तो सैन्य घेऊन परतला. ते आंशिक ग्रहण इ.स.पू. ४८०च्या २ ऑक्टोबरचं, आणि सॅलॅमिसची लढाई सप्टेंबरअखेरची मानतात ती त्याच आधारावर.

हे गणित वाटतं तितकं सरळ नाही. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं हळूहळू मंदावतं आहे, त्यामुळे तेव्हाच्या घड्याळात साडेचार तासांहून जास्त फरक धरावा लागतो. ही दुरुस्ती काढताना बॅबिलोनच्या ज्योतिषांनी मातीच्या विटांवर लिहिलेल्या नोंदी फार उपयोगी पडल्या. तेव्हाचं बॅबिलोन झर्क्सिसच्याच साम्राज्यात होतं.

उरतो सैन्याचा आकडा, आणि इथे हिरोडोटसची बाजू घेणं मला तरी जमत नाही. त्याच्या सैन्यात सुती कपडे घातलेले, बोरूचे धनुष्यबाण घेतलेले भारतीयही आहेत आणि ते पटण्यासारखं आहे. पण नोकर-चाकर धरून एकूण ५२,८३,२२० माणसं? तो स्वतःच थक्क होऊन रोजच्या धान्याचा हिशेब मांडतो: माणशी एक खिनिक्स (धान्याचं ग्रीक माप), ४८ खिनिक्सचा एक मेडिम्नस, म्हणजे दिवसाला १,१०,३४० मेडिम्नस. भागाकार करून पाहा, उत्तर सुमारे १,१०,०६७ येतं. १९३० मध्ये फ्रेडरिक मॉरिस या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने वाटेतल्या नद्या-ओढ्यांच्या पाण्यावरून अंदाज काढला. त्याच्या मते सुमारे २ लाख १० हजार माणसांपेक्षा जास्त फौज त्या वाटेने जगूच शकली नसती. पुढच्या अनेक इतिहासकारांना हाही आकडा मोठाच वाटला, कारण पाणी मिळालं तरी एवढ्यांचं धान्य रोज मुक्कामावर पोचवायचं होतंच.