१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नऊपर्यंत चढत जाऊन पुन्हा एकावर उतरणारी सतरा अंकी पूर्ण वर्ग संख्या. नऊ वेळा १ लिहिला की होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग. डावीकडून वाचा की उजवीकडून, ती बदलत नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातील स्थानक्रमाने तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी, म्हणजे परार्ध या शेवटच्या स्थानाच्या एकच घर अलीकडे येतो.

ही एक डेम्लो संख्या आहे. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकात गणितज्ञ द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून हे नाव. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला डेम्लो संख्यांवरील लेख १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. अशा संख्येचे डावे आणि उजवे टोक मिळवले की मधलाच अंक ओळीने येतो. इथे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मधला अंक ९.

चमत्कार म्हणून ही संख्या सगळीकडे फिरते, पण तिचे खरे सौंदर्य गुणाकाराच्या मांडणीत आहे. १११ × १११ कागदावर मांडून पाहावे. १११ च्या तीन ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांत अनुक्रमे एक, दोन, तीन, दोन, एक असे १ येतात, बेरीज १२३२१. नऊ ओळी मांडल्या तर मधल्या रकान्यात नऊ १ जमतात. कुठल्याही रकान्याची बेरीज नऊच्या पुढे जात नाही, हातचा येत नाही, म्हणून प्रत्येक रकान्याची उंची अंक होऊन जशीच्या तशी उतरते.

दहाव्या १ ला हे मोडते. ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात दहा झाले, हातचा शेजारच्या नऊवर गेला, तिथेही दहा झाले आणि त्यापुढच्या आठाचे नऊ झाले. डाव्या चढणीतला आठ असा नाहीसा होतो. १ ÷ ८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… या आवर्ती दशांशातही आठ नसतो, आणि कारण तेच: हातचा.

८१ चे या संख्येशी नाते जवळचे आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो. १११११११११ = ९ × १२३४५६७९, आणि १२३४५६७९ = ३७ × ३३३६६७; त्यामुळे मूळ संख्येचे अविभाज्य अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७² असे पडतात. एकूण विभाजक ४५. पहिल्या १११११११११ विषम संख्यांची बेरीजही हीच संख्या.