थ्रेशोल्ड काढताना गुणायचं कशाने: कमाल किंमत की एकूण किमती?

वायसीएसबी या डेटाबेसचा वेग मोजणाऱ्या बेंचमार्कच्या वर्कलोड बी मध्ये 95% रीड आणि 5% अपडेट असतात. असा बेंचमार्क स्वतः लिहिताना लूप कोट्यवधी वेळा फिरणार, म्हणून दर फेरीला फ्लोटचं (दशांश आकड्यांचं) गणित नको; 0.05 चा पूर्णांक थ्रेशोल्ड (सीमेचा आकडा) लूपबाहेर एकदाच काढायचा आणि जनरेटरने दिलेला रँडम आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा: सीमेच्या आत असला तर अपडेट, नाहीतर रीड. प्रश्न एवढाच, की 0.05 ला गुणायचं कशाने? जनरेटरच्या कमाल किमतीने, की तो देऊ शकतो त्या एकूण किमतींनी? फरक फक्त एकाचा.

0 ते 9 देणारा जनरेटर घ्या. कमाल 9, किमती 10. संभाव्यता 0.5 असेल तर 10 ने गुणून 5 येतात; `<` लावलं की 0 ते 4, बरोबर निम्मे. 9 ने गुणून अपूर्णांक छाटला की 4 उरतात. त्याला `<` लावलं तर 40%च मिळतात, म्हणून लोक `<=` लावतात, आणि मग 0.1 पासून 1.0 पर्यंत प्रत्येक दशांशाला उत्तर अचूक येतं! म्हणूनच ही चूक टिकून राहते.

ती उघडी पडते संभाव्यता शून्य असताना, म्हणजे एकही अपडेट नको असताना. थ्रेशोल्ड 0, आकडा 0, `<=` खरं, अपडेट झालं. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत रँड या रँडम आकडे देणाऱ्या फंक्शनची कमाल 32767 आहे. तिथे एक कोटी फेऱ्यांत साधारण 305 अपडेट घुसतात, तेही 'निव्वळ रीड' म्हणून छापलेल्या आलेखात. अपडेटच्या वेळी डेटा अडवून ठेवणाऱ्या लॉकमुळे किती वेळ जातो हे मोजायला बसलेल्याला हे परवडणारं नाही.

एकूण किमतींनी गुणणं मला जास्त पटतं, पण त्याची अडचण दुसऱ्या टोकाला आहे. 32 बिटी जनरेटरला 1.0 चा थ्रेशोल्ड 4294967296 येतो, तो 32 बिटांत मावत नाही. सी मध्ये असं रूपांतर अनडिफाइंड आहे, म्हणजे उत्तर काय येईल याची हमी नाही. थ्रेशोल्ड 64 बिटांत ठेवला की झालं. जनरेटरच 64 बिटी असेल तर ही पळवाट नाही. रस्ट भाषेच्या रँड क्रेटमधलं (लायब्ररीतलं) बर्नुली, म्हणजे दिलेल्या संभाव्यतेने हो किंवा नाही देणारं साधन, 1.0 ला वेगळं वागवतं, ते याचसाठी.

एकूण किमतींनी गुणलं तरी छाटण्याचं दुखणं मात्र उरतंच. रीड 0.7, इन्सर्ट 0.2, उरलेले डिलीट; इन्सर्टची सीमा दोघांच्या बेरजेवर येते, आणि डबलमध्ये (64 बिटी फ्लोटमध्ये) 0.7 + 0.2 म्हणजे 0.8999999999999999. शंभराने गुणून छाटलं की 89. इन्सर्टला 19%, डिलीटला 11%. आधी प्रत्येकाचा राउंड केलेला पूर्णांक काढा, बेरीज मग करा.