हरवलेलं पॅकेट परत मागवायला वेळच नसतो

रेंज फुल, तरी इंटरनेट कॉलवर आवाज कट होतोय, ही तक्रार नेहमीची. पण त्या काड्या फक्त फोन आणि टॉवर यांच्यातल्या सिग्नलचा जोर दाखवतात. आवाज पुढे पॅकेटांतून, म्हणजे माहितीच्या छोट्या गठ्ठ्यांतून जातो. वाटेत ती पुढे ढकलणाऱ्या एखाद्या राउटरवर गर्दी झाली, तर रांगेत न मावणारी पॅकेटं तो सरळ टाकून देतो. (फोनला चिकटवायच्या ‘सिग्नल बूस्टर’ स्टिकरचा उपयोग तर गाडीला बांधलेल्या लिंबू-मिरचीइतकाच.)

कॉलमध्ये आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात. एक तुकडा, एक पॅकेट. फाइल डाउनलोड करताना हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवता येतं. इथे मात्र आवाज पलीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांहून फार जास्त लागले, तर माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. म्हणून तजवीज आधीच करावी लागते.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी युक्ती शाळकरी पोरालाही जमेल. समजा, तीन पॅकेटं आहेत:

१०११
०११०
११००

प्रत्येक उभ्या रकान्यात १ ची संख्या सम होईल असं चौथं पॅकेट बनवा: ०००१. आता दुसरं पॅकेट वाटेत गळालं असं धरा. पहिल्या रकान्यात उरले १, १, ०. बेरीज आधीच सम, म्हणजे गेलेला अंक ०. दुसऱ्यात ०, १, ०. सम व्हायला १ हवा. पुढचे दोन रकाने करून पाहा, ०११० जसंच्या तसं परत येतं. इथे अंदाज नाही, निव्वळ गणित आहे. मात्र चारांतली दोन गेली की संपलं. आणि पॅकेटं बहुधा घोळक्यानेच हरवतात.

२०१२ साली प्रमाणित झालेल्या ओपस या कोडेकमध्ये, म्हणजे आवाजाचा डेटा आटोपशीर करणाऱ्या पद्धतीत, पुढच्या पॅकेटात मागच्याची हलक्या दर्जाची प्रतही घालता येते. तीही गेली, तर मग बनवाबनवी. जी.७११ या टेलिफोनी मानकाची १९९९ची पद्धत शेवटची स्वरलहर पुन्हा पुन्हा वाजवते, आवाज उतरवत नेते आणि ६० मिलिसेकंदांनंतर गप्प होते. पुरुषी आवाजातला लांब ‘आ’ साधारण दर ८-१० मिलिसेकंदांनी तीच लहर गिरवतो, त्यामुळे तिथे ठिगळ कळतही नाही. पण क्षणभर थांबून कुणी ‘साठ’ म्हटलं आणि ‘स’ची सलग पाच-सहा पॅकेटं गेली, तर गिरवायला मागे शांतताच असते, आणि पलीकडे ‘आठ’ ऐकू येतं.